मागच्या अंगणातले बुडखे

पहार मुळाखाली सरकवून त्यांनी अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. बुडखा जागचा हलला नाही. पहार मात्र निसटली आणि ते उकरलेल्या मातीत धपकन बसले.

"लागलं का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं.

"नाही. बसलोय जरा."

"बसा, बसा. आता घाई कुणाला आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

घर घेतलं तेव्हापासून मागच्या अंगणात हे बुडखे होते. आधीच्या मालकाने झाडं तोडली आणि बुडखे तसेच ठेवून तो निघून गेला. "एवढे काढून द्या, मी बाग करते," बायको तेव्हा म्हणाली होती. "रविवारी काढतो," ते म्हणाले होते. पण त्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. रविवार उजाडला की कुठल्या तरी इमारतीत कुणीतरी अडकलेलं असायचं. फोन वाजला की हत्यारांची पिशवी उचलून ते निघत. सुटका झालेला माणूस त्यांचे हात हातात घ्यायचा, चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. घरी असं कोण करणार? पुढे पुढे फोन आला नाही, तरी ते कामावर एक चक्कर मारून यायला लागले.

बायको काही वर्षं आठवण करत राहिली. मग थट्टेवर आली. "यांचा जन्म लोकांना वर-खाली करण्यात गेला, मी आपली तळमजल्यावर," असं पाहुण्यांना सांगायची. मग तीही थट्टा थांबली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बुडखे काढायला घेतले, तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, यंत्र मागवा ना. कशाला अंग मोडून घेता?" घराच्या कडेच्या चिंचोळ्या वाटेतून यंत्र आत येणार नाही, एवढंच त्यांनी तिला सांगितलं. खरं तर, यंत्र येऊ शकलं असतं तरी त्यांनी ते मागवलं नसतं.

लहान बुडखे तसे मुकाट्याने निघाले. आजूबाजूची माती उकरायची, आडवी मुळं कुऱ्हाडीने तोडायची आणि पहारीने उचकटायचं. मोठ्या बुडख्याने मात्र घाम काढला. त्याचं सोटमूळ सरळ खाली उतरलं होतं. खड्ड्यात गुडघे टेकून ते करवत चालवत राहिले. हाताला फोड आले, फुटले. शेवटी खालून कडकड आवाज झाला आणि बुडखा एका अंगावर कलंडला.

आवाज ऐकून बायको मागच्या दारी आली. भिंतीला हात लावून, अंग तिरकं करून, एकेक पायरी जपत ती खाली उतरली. ती अशी कधीपासून उतरते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"निघाला एकदाचा," ती म्हणाली.

"हो. आता सांग, काय लावायचं? उद्याच रोपं आणतो."

ती खड्ड्याकडे पाहत राहिली. "काय लावणार होते बरं मी?"

"आठव ना."

"तेव्हा सगळं ठरलेलं होतं हो. कुठे काय, कशाच्या शेजारी काय. आता काहीच आठवत नाही."

"गुलाब असतील."

"छे, गुलाब नव्हते. तेवढं नक्की. काटे मला कुठे आवडतात?"

"मग काय आवडतं तुला?"

विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की हे आपण तिला पहिल्यांदाच विचारतो आहोत. तीही क्षणभर गोंधळली. मग हसली, अगदी थोडं.

"आता मला वाकवत नाही. तुम्हाला हवं ते लावा. चहा टाकते."

तिला धरायला ते पुढे झाले. पण तिचा हात आधीच भिंतीवर गेला होता. "जाते मी, सवय आहे," म्हणत ती पायऱ्या चढून आत गेली.

त्यांनी खड्डा बुजवला. ढेकळं हातांनी फोडली, जमीन सारखी केली. मग नळाला पाइप लावला, आणि आतून चहाची हाक येईपर्यंत ते त्या नुसत्या मातीला पाणी घालत उभे राहिले.