एकही नोंद नसलेला परवाना

मी एक परवाना बोलतोय, गाडी चालवण्याचा. माझी मालकीण पहिल्याच परीक्षेत पास झाली, तेव्हा माझा जन्म झाला. तिचा नवरा तिसऱ्या खेपेला पास झाला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण घरात कोणी सांगत नाही.

त्याचा परवाना आणि मी एकाच घरातले, पण त्याचा थाट वेगळा. तो नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात बसून कुरिअरच्या व्हॅनमधून गावभर हिंडतो. त्याचे कोपरेसुद्धा झिजलेत. मी मात्र अकरा वर्षं कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली. मालकिणीकडून एकदा व्हॅनला फाटकाचा ओरखडा पडला, तेव्हापासून किल्ली तिच्या हाती पडली नाही. मी बाहेर पडतो तो बँकेत ओळखपत्र म्हणून. नुसता जळफळाट होतो माझा.

मला तर त्याच्या गुन्ह्यांचंही अप्रूप. एकदा चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केलं. पोलिसाने त्याला हातात घेऊन नीट वाचलं, दंड केला, नोंद केली. दुसरी नोंद वेगाची. माझ्याकडे कोणी रागानेसुद्धा बघितलं नाही.

मग घरी तिसरी नोटीस आली. तांबडा दिवा लागल्यावर व्हॅन चौकात शिरली होती आणि कॅमेऱ्याने फोटो काढला होता. चालकाचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून सोबत अर्ज होता: गाडी कोण चालवत होतं, त्याने आपला परवाना क्रमांक लिहून सही करावी. तीन नोंदी झाल्या की परवाना तीन महिने जप्त होतो.

नवऱ्याने मला कपाटातून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून माझा क्रमांक अर्जात उतरवला.

"तुझ्या नावावर एकही नोंद नाही. एका नोंदीने काय बिघडतंय? सही कर."

"परवा शाळेच्या मिनीबसवर चालक म्हणून मुलाखत आहे माझी. एक नोंद असली तरी घेत नाहीत."

"ती नोकरी मिळालीय का अजून? माझी जाईल त्याचं काय?"

खोटं कशाला बोलू? मला ती सही हवी होती. चोर म्हणून का होईना, माझं नाव रस्त्यावर निघालं असतं. तिची नोकरी हुकली असती तरी मला चाललं असतं, इतका मी हेव्याने आंधळा झालो होतो.

तिने पेन घेतलं, माझा क्रमांक खोडला. त्याचा परवाना मागून घेतला आणि बघून बघून तो क्रमांक लिहिला.

"सही तू कर," ती म्हणाली. त्याने बऱ्याच वेळाने केली. मी दोन दिवस तिच्यावर धुमसत होतो.

मुलाखतीत साहेबांनी मला चष्म्याजवळ धरलं.

"अकरा वर्षांत एकही नोंद नाही? गाडी चालवता ना?"

"गाडीच कोणी हातात दिली नाही, साहेब. आज द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी किल्ली पुढे सरकवली. तिने बसने आवारात दोन फेऱ्या मारल्या, मग ती दोन खांबांमधून सरळ मागे घेतली. कुठे घासली नाही.

घरी नवरा रिकाम्या खिशाने बसला होता. त्याचा परवाना सकाळीच कचेरीत जमा झाला होता.

"जमलं?" त्याने विचारलं.

"सोमवारपासून. डबा तू करायचास."

तो उठून डबा शोधू लागला. मग म्हणाला, "किती वाजता निघतेस?"

अकरा वर्षं हा प्रश्न रोज तिने त्याला विचारला होता. तिने मला पर्समध्ये ठेवलं आणि चेन ओढली.

"पावणेसहाला," ती म्हणाली.