आखूड पायाचे सिंहासन

मला बाकडे म्हणू नका, मित्रांनो. मी सिंहासन आहे. जुने आहे, फणसाच्या लाकडाचे आहे, एका पायाने आखूड आहे, हे सगळे कबूल. पण कंस आणि हरिश्चंद्र माझ्यावरच बसून गेले!

कोरगावच्या भिकाजी मेस्तांनी मला घडवले आणि कृष्णनाथांच्या दशावतारी मंडळाला दिले. राजा जरा हलला की मी कुरकुरायचे. कृष्णनाथ म्हणायचे, "फाल्या तुझो पाय बदलतंय." तो 'फाल्या', तो उद्याचा दिवस, काही उगवला नाही.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षे झाली होती. सावंतवाडीकडची माणसे डिचोलीच्या खाणींवर राबायला येत. तिथल्या एका जत्रेत कृष्णनाथ माझ्यावर बसून तोंड रंगवत होते, तेव्हा लक्ष्मी नावाची बाई धावत आली.

"माझ्या घोवाक शेडीत कोंडल्यानी. घराक जातंय म्हणालो, म्हणून मारल्यानीव. राजानू, तुमचा लोक आयकतत."

तिच्या नवऱ्याला, विठूला, कोंडणारा खाणीचा कंत्राटदारच जत्रेचा यजमान होता. आमच्या पेटाऱ्यांना ट्रकही तोच द्यायचा.

"आपून नाटकवाले," पेटीवाला सगुण पुटपुटला. "आपल्याक कित्याक व्हयी ही उठाठेव?"

कृष्णनाथांनी खाली मान घालून पुन्हा रंग कालवायला घेतला. मला भयंकर राग आला. रोज सत्याचा जय दाखवणारा माणूस आज खाली मान घालून बसतो म्हणजे काय? पण त्यांची चुळबुळ थांबेना, आणि माझी कुरकुरही.

आमच्या मंडळाची एक रीत होती. दरबार भरला की राजाने बसल्या जागी गाऱ्हाणे घालून यजमानाचे भले मागायचे, आणि लोकांनी हात जोडून होकार द्यायचा. आमचे संवाद लिहिलेले नसतात. त्या दिवशी कृष्णनाथ बसलेच नाहीत. राजा उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्या गावात जेणी माणूस कोंडून घातलो आसात, तेचा कुलूप आजच उघडू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी जत्रा सवयीने गरजली. पुढच्या रांगेत कंत्राटदारही हात जोडून तेच म्हणून बसला.

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आले. देवासमोर दिलेला शब्द आता गिळणार कसा? कुलूप कोणाचे ते सगळ्यांना ठाऊक होते; लोक त्याच्याकडे बघत उभे राहिले. लक्ष्मीने त्याच्यापुढे हात पसरला. त्याने किल्ली काढून दिली. निम्मी जत्रा तिच्याबरोबर खाणीवर गेली आणि विठूला घेऊन आली. त्याला धड चालवत नव्हते.

पुढच्या वर्षी ट्रक आला नाही. पुष्कळ गावांनी आम्हाला बोलावणेही सोडले. कृष्णनाथांना त्याचे दुःख झाले, खोटे कशाला सांगू? पण जिथे खेळ झाला तिथे मला विठूने डोक्यावरून नेले.

आता मी एका सभागृहाच्या कोपऱ्यात आहे. मोठमोठे कलावंत येतात, माझ्यावर बसून फोटो काढतात, हसतात, जातात. परवा कोणीतरी सुताराला बोलावून माझा पाय सारखा करायचा म्हणत होते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वाळवीपासून मला वाचवा. पण तेवढा पाय आखूडच राहू द्या. माझ्यावर बसणाऱ्याला स्वस्थ बसता येता कामा नये.