काकासाहेबांची परवानगी

रविवारी सकाळी अकरा वाजता गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत चाळीस-पन्नास माणसं एका कॉम्प्युटरसमोर हात जोडून बसली होती. पडद्याला हळदकुंकू लावलं होतं, माऊसला दोरा बांधला होता आणि सीपीयूच्या डब्यापुढं कुणीतरी नारळ फोडला होता. नारळाचं पाणी डब्यात किती शिरलं असेल याचा मी अंदाज बांधत होतो. बाकी कुणाला त्याचं काही नव्हतं.

मी कडूबा. गुलमंडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि घर इथं, काकासाहेबांच्या समोर. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून यमाला आवडणार नाही असं नाव आईनं शोधून ठेवलं. म्हणजे अंधश्रद्धेचं आणि माझं नातं बारशापासूनचं. यम फसला की नाही ते माहीत नाही, शाळेतल्या पोरांनी मात्र मला लई छळलं.

तर काकासाहेब गेल्या वर्षी वारले. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध. भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला, आणि आधार कार्डावर चांगला माणूससुद्धा पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाई काकूंना, हसरा फोटो हवा होता. बरे फोटो होते ते सगळे काकासाहेबांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून जळाला. हार्ड डिस्क शाबूत होती. ती मी काढली, त्यांच्या मुलाच्या, ऋतुराजच्या, नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवली, पडद्यावर डिस्क दिसल्याबरोबर "झालं काम" म्हणालो आणि भाचीच्या लग्नाला सोयगावला पळालो. फोल्डर उघडून बघितलं नाही. पुढच्या तमाशातला माझा वाटा एवढा, तो आधीच कबूल करतो.

मी तिकडं लग्नात जिलब्या वाढत होतो तेव्हा इथं ऋतुराजनं 'काकासाहेब' नावाचं फोल्डर उघडायला घेतलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही. त्यानं खालचं 'कंटिन्यू' दाबलं. मग आलं, तुम्हाला परवानगी नाकारण्यात आली आहे. शेजारी त्याची आत्या बसली होती. सखूबाई, काकासाहेबांची थोरली बहीण, श्राद्धाच्या तयारीला अजिंठ्याहून आलेली.

"काय म्हणतंय रं?"

"आत्या, परवानगी नाकारली म्हणतंय."

"कोण?"

ऋतुराजनं पुन्हा 'कंटिन्यू' दाबलं. आत्याला उत्तर लगेच सुचलं.

त्याला कारण होतं. काकासाहेबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता. दोन तास सगळे उन्हात थांबले, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली. तेव्हापासून आत्या म्हणत होती, भावाच्या मनात काहीतरी राहिलंय. आणि ते काय राहिलंय हेही तिनंच ठरवलं होतं. सुकेशनी. ऋतुराजची बायको. दोघांनी कोर्टात लग्न केलेलं, आणि मुलगी 'आपल्यातली नाय'. काकासाहेब त्या लग्नाबद्दल हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. मेलेला माणूस गप्प राहिलेला असला की जिवंत माणसांची लई सोय होते.

आत्यानं डेटानंद महाराजांना बोलावलं.

मी सोयगावहून आलो तो या बैठकीत येऊन पडलो. महाराजांकडं बघितलं आणि हसू दाबता दाबता ठसका लागला. भगवी कफनी, कानात ब्लूटूथ, गळ्यात रुद्राक्षात ओवलेला पेनड्राईव्ह. हा तर रामप्रसाद! चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा, माझ्या दुकानातून केबली न्यायचा.

"काय रामप्रसाद सर, ओळखलं का?"

"पूर्वाश्रमीचं नाव घेऊ नका," महाराज डोळे न उघडता म्हणाले. मग गर्दीकडं वळले. "बाळांनो, देह म्हणजे काय? डबा! आत्मा म्हणजे काय? डेटा! डबा जळाला, डेटा जळाला का?"

"नाय!" गर्दी म्हणाली.

"मृत्यू म्हणजे शटडाऊन नव्हे. मृत्यू म्हणजे रीस्टार्ट! पण ज्याची इच्छा राहिली, तो रीस्टार्ट होत नाही, मधेच अडकतो. पुरावा बघायचाय?"

त्यांनी फोल्डरवर क्लिक केलं, दोन-चार खिडक्या उघडल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं 'अकाउंट अननोन', आणि पुढं हा लांबलचक आकडा.

"अननोन म्हणजे अज्ञात! काकासाहेब स्वतःचं नाव विसरलेत. नुसता नंबर उरलाय."

लक्ष्मीबाई काकूंनी पदर तोंडाशी धरला. मला रामप्रसादच्या कानाखाली द्यावीशी वाटली, ती तेव्हा. बाकीचं मी चेष्टेवारी नेलं असतं.

"दहाव्याला कावळ्याला शब्द देता ना? तसा इथं द्या," महाराज म्हणाले. "पटला तर उघडतील."

ऋतुराज म्हणाला, "पप्पा, मी गुटखा सोडतो." महाराजांनी क्लिक केलं. परवानगी नाही. काकू म्हणाल्या, "वर्षभर सोमवार धरते." परवानगी नाही. मग आत्या उठली, पदर खोचला आणि ओरडली, "काकासाहेबा, सूनबाईला माहेरी धाडतो रं आम्ही!"

महाराजांनी मंत्र सुरू केला आणि मंत्राच्या आडून भराभर माऊस हलवला. पडद्यावर छोटी चौकट आली आणि तिच्यात फाईलींची नावं सरसर धावायला लागली.

"बघा, काकासाहेब पानं उलटतायत!"

चौकट गेली. आत एक फोल्डर उघडलं होतं, लाईटबिलांचं. लाईटबिलं बघून माणसं रडलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"ही अर्धी परवानगी," महाराज म्हणाले. "फोटो पुढच्या रविवारी. सून उंबऱ्याबाहेर पडली की."

मला राहवलं नाही. "अहो, ती सेटिंग आहे! तेवढ्याच फोल्डरच्या मालकाचं नाव बदललं त्यानं. कुणीबी बदलू शकतं, मी आत्ता उघडून दाखवतो!"

"उघडाल की," महाराज गोड हसले. "चोरालाही कुलूप उघडता येतं. त्याला परवानगी म्हणतात का?"

आत्या माझ्यावर धावून आली. "एवढा शहाणा हायेस, तर डिस्क बसवली तवाच का नाय उघडली?"

सुकेशनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, ऋतुराजसुद्धा नाही.

सोमवारी ती दुकानात आली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते ती, तिथंच निघाली होती.

"भाऊ, मला खरं सांगा. हे काय आहे?"

मी सांगितलं. वर म्हणालो, "आज दुपारी येतो आणि पाच मिनिटांत उघडून देतो, मिटलं!"

"उपयोग काय? चोरून उघडलं म्हणतील. महाराजांनी ती वाट आधीच बुजवलीय." ती थोडा वेळ माझ्या फळीवरच्या जुन्या डिस्का बघत राहिली. "आमच्याकडं रोज सकाळी पेशंटच्या आधी एक नमुना तपासतात, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. त्याचंच उत्तर चुकलं तर समजायचं, गडबड मशीनमध्ये आहे, पेशंटमध्ये नाही. भाऊ, जिवंत माणसाची डिस्क काढून दुसरीकडं लावली तर काय दिसतं?"

मी कपाळावर हात मारला. वीस वर्षं हे काम करतोय, पण एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट. सुकेशनीची बॅग दारात भरून ठेवलेली. ऋतुराज त्या बॅगेशेजारी मान खाली घालून उभा. मी आणि माझी बायको रत्नमाला मागं सतरंजीवर बसलो.

"महाराज, मी निघतेच," सुकेशनी म्हणाली, "पण जाता जाता एक विनंती. एका ओळखीच्या माणसाची डिस्क आणलीय. त्यांच्या घरचे फार त्रासात आहेत. बघाल का?"

घरचे त्रासात आहेत हे खोटं नव्हतं. रत्नमालाला विचारा.

महाराजांपुढं गर्दी होती, नाही कसं म्हणणार? डिस्क केबलीनं जोडली. फोल्डरचं नाव नुसतं 'दुकान'. क्लिक केलं. परवानगी नाही. गर्दीतून सुस्कारा निघाला. महाराजांना हुरूप आला, त्यांनी खिडक्या उघडल्या. 'अकाउंट अननोन', आणि पुढं लांबलचक आकडा.

"अरेरे," महाराजांनी डोळे मिटले. "हा तर फार वाईट अडकलाय. पुरुष आहे. अकाली गेला. पाणी... पाणी मागतोय."

"कशानं गेला, महाराज?" सुकेशनीनं विचारलं.

"बायकोपायी. शेवटच्या क्षणी तिनं याला घोटभर पाणी दिलं नाही!"

"आत्ता येताना कपभर चहा पाजलाय की मेल्याला!" रत्नमाला ताडकन उठली. "आन दोन बिस्कुटं! उठा हो तुम्ही, दाखवा यांना!"

मी उठलो. गर्दीला हात जोडून नमस्कार केला.

आधी कुणालाच कळलं नाही. मग कुणीतरी मागून ओरडलं, "कडूबा, तुझं दहावं कधी झालं रं? आम्हाला जेवायला नाय बोलावलं!" आणि सगळी गल्ली खो-खो हसली. आईनं एवढी खटपट करून यमापासून वाचवलेलं पोर, रामप्रसादनं एका क्लिकवर मारून टाकलं होतं.

"जिवंतपणीही काहींचा आत्मा भटकत असतो!" महाराज घाम पुसत म्हणाले.

"मग कावळाबी जिवंतपणीच शिवू द्या!" पुन्हा मागून आवाज आला.

सुकेशनी हसली नाही. ती खुर्चीवर बसली, माऊसचा दोरा सोडला आणि आत्याकडं वळून सावकाश बोलायला लागली.

"आत्या, प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या माणसाला एक नंबर देतो. फाईलवर मालक म्हणून तोच नंबर लिहिलेला असतो. जुन्या कॉम्प्युटरला ठाऊक होतं, हा नंबर म्हणजे पप्पा. नवा त्यांना ओळखतच नाही, म्हणून अननोन म्हणतो आणि परवानगी नाकारतो. तुम्हाला सगळं अजिंठा ओळखतं, पण इथल्या बँकेत गेलात की ओळखपत्र मागतात. म्हणून काय तुम्ही मेलात?"

"मेले नाय, पण चक्कर येती तिथं," आत्या पुटपुटली.

"आता बघा. मी शब्द देत नाही, माहेरी जात नाही, मंत्रही म्हणत नाही. इथं मालकाच्या जागी या कॉम्प्युटरच्या माणसाचं नाव टाकायचं, आतल्या सगळ्या फाईलींना लागू करायचं, आणि ओके."

चौकट आली, फाईलींची नावं सरसर धावली, मंत्राशिवाय. फोटोंचं फोल्डर उघडलं. गर्दी पडद्याकडं बघत होती तेवढ्यात महाराजांनी "या घरात लहरी शुद्ध नाहीत" असं काहीतरी म्हणत चपला शोधल्या. एक सापडली. दुसऱ्या पायात कुणाची घालून गेले ते अजून कळलेलं नाही.

काकासाहेबांचे फोटो एकामागून एक येत होते. सत्काराचे, लग्नाचे, सगळ्यात तोंड आवळलेलं. आणि मग एक आला. त्यांच्या सोयगावच्या शेतात, बांधावर बसून सीताफळ खाताना. हनुवटीला बी चिकटलेलं, आणि माणूस अगदी डोळे मिटेपर्यंत हसतोय.

काकूंनी पडद्याला हात लावला. "असे हसायचे ते," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

"ह्यो कुणी काढला?" आत्यानं विचारलं.

"मी," सुकेशनी म्हणाली. "ते जायच्या आधीच्या दिवाळीत, त्यांच्याच कॅमेऱ्यानं. बी पुसू का विचारलं, तर म्हणाले राहू दे."

आत्यानं एकदम हात जोडले. "बघा! बघा रं सगळे! काकासाहेबानंच दावलं! भावानं सूनबाईच्या बाजूनं कौल दिला!"

गर्दीनं पुन्हा हात जोडले. खरं सांगतो, मीही मनात म्हटलं, चला, मिटलं, पोरगी वाचली, आता कशाला ताणायचं?

"नको आत्या," सुकेशनी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हा कौल नाही, फोटो आहे. आज फोटो माझा निघाला. दुसराच कुठला निघाला असता तर मी ती बॅग उचलायची होती का? मी या घरात राहायचं की नाही, हे फोल्डर नाही सांगणार, आणि पप्पाही नाही सांगू शकत. ते गेले. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं." मग ती नवऱ्याकडं वळली. "तुम्हीसुद्धा."

ऋतुराजनं बॅग उचलली, आणि मला वाटलं, गेली पोरगी. तो ती घेऊन घरात गेला, आतल्या खोलीत ठेवून आला आणि तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. "माझं चुकलं," म्हणाला. लवकर सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण ठीक आहे.

लक्ष्मीबाई काकूंनी डोळे पुसले. वर्षभर त्या या विषयावर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"सखूबाई, ती हितंच राहील," त्या म्हणाल्या. "हे त्यांनी नाय सांगितलं. मी सांगते. मी जिवंत हाय."

तो फोटो आता भिंतीवर आहे, बियासकट. आत्या श्राद्ध करून अजिंठ्याला गेली, जाताना सुकेशनीशी बोलली नाही. एका रविवारात माणूस बदलत नाही, आणि तो बदलला असं मी लिहिलं तर तोही एक चमत्कारच होईल. पण गेल्या आठवड्यात तिचा मला फोन आला. शेजारणीच्या घरी कुणी बाबा आलाय, अंगाऱ्याच्या पाण्यानं पोटातला खडा पाडतो म्हणतोय, आणि काढून दाखवतोपण.

"मग, आत्या?"

"मग काय? म्या म्हणलं त्याला, ज्याच्या पोटात खडा नाय त्याला आधी पाज. बघू काय पडतंय."

वाचकहो, यापेक्षा जास्त शहाणपण माझ्याजवळ नाही. कुणी मेलेल्याच्या नावानं काही दाखवायला लागला, की हात जोडायच्या आधी जिवंत माणसाची डिस्क लावून बघा. माझी नेऊ शकता. मी दुकानात असतो.