लशींच्या आदल्या दिवशी

ढगांचा तिसरा दिवस होता. दवाखान्याच्या मागच्या खोलीत नर्सबाई दर दहा मिनिटांनी मीटरसमोर जाऊन उभ्या राहत होत्या. सकाळी बॅटरी बेचाळीस टक्के होती, दुपारी एकतीस. सगळा दवाखाना छतावरच्या सौर पॅनेलवर चालायचा आणि फ्रिजमध्ये उद्या येणाऱ्या चाळीस बाळांच्या लशी होत्या.

शेवटी न राहवून त्यांनी धाकट्या दिराला फोन लावला. पॅनेल त्यानेच बसवले होते.

"भाऊजी, ढग असले तरी बॅटरी इतक्या झपाट्याने उतरते का हो?"

"नाही वहिनी. काहीतरी खातंय तिथे. आलोच."

आल्या आल्या त्याने छतावर चढून पॅनेल पुसले. मग वायरीचा माग काढत तो थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरला. टेबलाखाली नवाकोरा हीटर लालबुंद झाला होता.

"साहेब, हा कधीपासून?"

"परवापासून. गारठा बघ ना! आणि सूर्याची वीज, ती कुठे संपतेय?"

"सूर्य नाही संपत साहेब. पण त्या दिवशी जेवढं ऊन पडेल तेवढंच आपल्या वाट्याला. हा एकटा दहा फ्रिजचं खातो."

डॉक्टर ओशाळले. वाकून त्यांनी स्वतःच पिन काढली. नर्सबाईंनी दिवे, कॉम्प्युटर, पाण्याची मोटर, सगळं पटापट बंद केलं. डॉक्टरांनी टेबल व्हरांड्यात उजेडाला आणलं आणि कानटोपी घालून पेशंट तपासायला बसले.

"डॉक्टर, तुम्हालाच बरं नाहीये का?" एका आजींनी काळजीने विचारलं.

सगळे हसले. नर्सबाईंना हसू फुटेना. त्यांचे पाय पुन्हा मीटरकडे वळले. अठ्ठावीस. मग सत्तावीस. फ्रिज उघडून बघावासा वाटत होता, पण उघडला की थंडावा जाणार. हात पदराला पुसत त्या तशाच उभ्या राहिल्या.

सकाळी त्या वेळेआधीच धापा टाकत पोचल्या. बॅटरी एकोणीसवर होती. फ्रिजच्या दारावरचा काटा सहा अंशांवर. लशी शाबूत होत्या! बाहेर ढग तसेच होते, पण बाळांची रांग लागली आणि दुपारपर्यंत सगळ्यांना टोचून झालं.

"आणखी एक बॅटरी घेऊया का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी आपल्याला रोज किती लागतं ते मोजू," दीर म्हणाला.

नर्सबाईंनी मीटरचे आकडे टिपलेली वही उघडली. "मी सांगते भाऊजी, लिहा."