लाटा विचारणारा फोन

डोनेगलच्या किनाऱ्यावर डिंपनाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा समुद्र दिसे. त्यामुळे सर्फिंगवाली पोरं पूर्वी रोज सकाळी त्यांनाच फोन करून लाटांचा अंदाज घेत. मग किनाऱ्यावर लाटा थेट मोबाइलवर दाखवणारा मेला कॅमेरा बसला आणि फोन थांबले. एकटा कॉर्मक तेवढा अजून करायचा.

"मावशी, आज काय म्हणतोय समुद्र?"

"लाटा छातीएवढ्या, वारा जमिनीवरून. पाणी मात्र बर्फ आहे."

"मग निघू घरातून?"

डिंपनाबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. रबरी पोशाख चढवून, फळी बगलेत मारून, फोन कानाला लावून कॉर्मक वाळूतच उभा होता.

"नीघ की," त्या म्हणाल्या. "आणि कानटोपी घाल, गाढवा. रोज तिथं बोडक्यानं उभा राहून फोन करतोस."