जावयाने आणलेला स्टार्टर क्लच

अण्णांची जुनी मोटरसायकल बंद पडली, तेव्हा घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच काय तो संयम.

त्याच्या थोडं आधी डॉक्टरांनी अण्णांच्या बायकोला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की यांना आता डावीकडचं दिसत नाही. आणि दिसत नाही, हेही यांना कळत नाही. गाडी चालवू नका, हे अण्णांना सांगायचं कुणी, यावर घरात खूप खल झाला. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सुचवलं. तेवढ्यात स्टार्टर क्लच गेला. बटण दाबलं की मोटर नुसती घरघरायची, इंजिन ढिम्म. किक मारायची तर गुडघ्याने केव्हाच राजीनामा दिलेला. इतक्या जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही, असं मुलाने चेहरा पाडून जाहीर केलं आणि त्या रात्री सगळे शांत झोपले.

क्लच गेल्याचं अण्णांनीच जावयाला फोनवर सांगितलं होतं; डोळ्यांबद्दल मात्र त्याला कुणी काही कळवलं नाही. सासरचं उणंदुणं जावयाच्या कानावर कशाला घाला? त्यामुळे रविवारी तो नवा क्लच, मॅग्नेट ओढायचा पुलर आणि पॅकिंग घेऊन हसत दारात उभा राहिला. मुलाला लगेच बाहेर महत्त्वाचं काम निघालं.

जावयाने मागच्या दारी गाडी स्टँडला लावली, इंजिनचं कव्हर काढलं, तेल ट्रेमध्ये गळू दिलं आणि पुलर आवळून इंजिनबरोबर फिरणारा चाकासारखा मॅग्नेट बाहेर ओढला. त्याच्या पाठीला क्लच. हा क्लच घरातल्या थोरल्या माणसासारखा असतो: मोटरचं म्हणणं इंजिनला ऐकवतो, इंजिनचं म्हणणं मोटरपर्यंत जाऊ देत नाही. आतले रोलर झिजून गेले होते.

अण्णा स्टुलावर बसून हुकूम सोडत होते आणि पाने देत होते. उजवीकडचे पाने पटापट मिळत होते. डावीकडचा मागितला, तर म्हणाले, तो तुम्ही आणलेलाच नाही. पाना त्यांच्या चपलेला टेकला होता. मग ते उठले आणि त्यांचा डावा पाय सरळ तेलाच्या ट्रेमध्ये गेला.

"हे इथे कुणी ठेवलं?"

ट्रे सकाळपासून तिथेच होता. जावयाने दाराकडे पाहिलं. सासूबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. चहावर साय धरली होती. त्यांनी मान खाली घातली आणि जावयाला सगळं कळलं.

त्याने नव्या क्लचमधली एक स्प्रिंग काढून हळूच खिशात टाकली. पॅकिंग जरा वेगळंच दिसतंय, असं तो पुटपुटला. गाडी महिनाभर गॅरेजला ठेवावी लागेल.

"जावईबापू," अण्णा पाय पुसत म्हणाले, "माझ्या पोराला जमलं नाही, ते तुम्ही करताय."

लग्नानंतर सासऱ्यांनी केलेलं हे पहिलंच कौतुक. थोड्या वेळाने स्प्रिंग आपल्या जागी होती. जावयाने बोल्ट नीट आवळले, पॅकिंग बसवलं, तेल भरलं. मुद्दाम वाईट काम करायलाही सवय लागते.

पहिल्याच दाबाला इंजिन सुरू झालं.

अण्णांनी हेल्मेट चढवलं. पेट्रोल शिळं असेल, ब्रेक तपासू या, मीच एक चक्कर मारून येतो, असं जावई काहीबाही बोलत राहिला. अण्णा गाडी फाटकापर्यंत घेऊन गेले. तेव्हा सासूबाई चपला घालून आल्या आणि मागे बसल्या.

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर."

लग्नाला निघाल्यासारखा त्यांनी पदर खोचला, अण्णांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकल्या.

"डावीकडून सायकलवाला येतोय. थांबा."

"दिसतोय मला," अण्णा समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहत म्हणाले. पण थांबले.

सायकलवाला गेला. मग गाडी निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. सासूबाईंचा आवाज इंजिनच्या आवाजात बुडाला.

जावई काळे हात अंगापासून लांब धरून ऐकत उभा राहिला. काम उत्तम झालं होतं. इंजिन कुठेही अडखळत नव्हतं.