ताकद सहा, शस्त्र छत्री

सासऱ्यांनी गाडीच्या विम्याच्या अर्जात लिहिलं होतं, ‘म्हैस आडवी आली.’ कंपनीचा सर्व्हेयर पाहणीला आला, चेपलेल्या दारापाशी उकिडवा बसला, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला आणि अगदी आदराने म्हणाला, “म्हैस पिवळी होती का हो?”

दाराला पिवळा रंग लागला होता. आणि मागे चार पावलांवर सासऱ्यांच्या घराचं फाटक होतं. त्याचा खांब पिवळाधमक.

दावा नामंजूर झाला. तिथवर ठीक होतं. पण त्याच वेळी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आलेली त्यांची मुलगी खुदकन हसली, आणि वर्ष उलटायच्या आत तो सर्व्हेयर जावई होऊन त्याच फाटकातून आत आला.

तेव्हापासून सासरे जावयाशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, अबोलाही म्हणता आला नसता. बोलायचे, पण वळसा घालून. जावई समोर बसलेला असताना मुलीला म्हणायचे, “त्यांना विचार, पंखा वाढवू का?” एकदा घरात दोघंच होते, तेव्हा सासऱ्यांनी फ्रीजकडे तोंड करून जाहीर केलं, “कोणाला सरबत हवं असेल तर आत आहे.” जावयाने फ्रीजला थँक्यू म्हटलं.

जावई वसतिगृहात वाढलेला माणूस. चार माणसं एकाच वेळी बोलतात, एकमेकांच्या ताटातलं उचलतात, आणि तरी कोणी रागावत नाही, हे त्याने पहिल्यांदा या घरात पाहिलं होतं. त्याला फार काही नको होतं. सासऱ्यांनी एकदा आपल्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलावं. शिवी दिली तरी चालेल.

आणि तशी एक वाट होती. दर रविवारी दुपारी या घरात जेवणाच्या टेबलावर एक खेळ रंगायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, आणि सगळ्यांनी मिळून एका काल्पनिक राज्यात भटकायचं. फासे टाकायचे, मार खायचा, खजिने लुटायचे. खेळ चालवायचे सासरे. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक नदीला उगम होता आणि प्रत्येक नकाशाला प्रमाण.

“आणि खेळ चालवणाऱ्याला प्रत्येकाला विचारावंच लागतं,” बायकोने सांगितलं, “‘तू काय करतोस?’ म्हणून. तोंडावर. नाहीतर खेळ पुढे सरकतच नाही.”

जावयाचे डोळे चमकले. “मग मी खेळणार.”

“आधी पात्र बनव. अ‍ॅप आहे त्याला. पण नीट बनव हं. बाबांचा नियम आहे, एकदा लॉक केलं की बदल नाही. आणि पात्र मेलं की ती मोहीम संपेपर्यंत तुला टेबलावर जागा नाही. माझा चुलतभाऊ मागच्या मोहिमेत पहिल्याच रविवारी मेला. मोहीम दोन वर्षं चालली. शेवटी कंटाळून बिचारा पोहायला शिकला.”

ते अ‍ॅप म्हणजे मोठी मौज होती. नाक लांब करा, आखूड करा, शिंगं लावा, कातडी निळी करा. ताकद, चपळाई, धैर्य यांवर वाटायला भरपूर गुण फुकट. कोणीही शहाणा माणूस तिथे स्वतःला सहा फुटी, सिंहाच्या छातीचा आणि चालत्या तलवारीसारखा बनवतो. पण अ‍ॅपच्या तळाशी एक बारीक चौकोन होता. ‘वर भरलेली माहिती बरोबर आहे.’

आता जगात हा चौकोन गांभीर्याने वाचणारा एकच माणूस असेल, तर तो हा. लोक त्या चौकोनावर बेफिकिरीने टिचकी मारतात आणि वरच्या रकान्यांत म्हशी आणतात, हे बघण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

ताकद ठरवायला त्याने बरणीचं झाकण उघडून पाहिलं. उघडलं नाही. ताकद सहा.

“मी शूर आहे का गं?” त्याने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं.

“पाल दिसली तेव्हा स्टुलावर कोण चढलं होतं?”

“तू.”

“आणि माझ्या आधी?”

धैर्य चार. प्रकार, माणूस. पेशा या रकान्यात योद्धा, मांत्रिक, चोर, वैद्य असं सगळं होतं. त्याने ‘इतर’ निवडून ‘विमा सर्व्हेयर’ टाइप केलं. चेहरा बनवायच्या जागी पासपोर्टचा फोटो चढवला, दोन्ही कान दिसतील असा. शस्त्र, छत्री. कमजोरी, कुत्रा. ‘तुमचे बरेच गुण शिल्लक आहेत,’ अ‍ॅप कळवळून म्हणालं. त्याला अभिमान वाटला. ‘हे पात्र टिकण्याची शक्यता कमी आहे, तरी पुढे जायचं?’ त्याने हो म्हटलं, चौकोनावर खूण केली, आणि लॉक.

रविवारी सासऱ्यांनी टॅबलेटवर जावयाचं पात्र उघडलं. पासपोर्टच्या फोटोला खाली चिलखताचे पाय फुटले होते. सासरे बघत राहिले. मग टॅबलेट मुलीकडे वळवून म्हणाले, “हे काय आहे, विचार.”

“बाबा, तो तिथेच बसलाय.”

“मी तुला विचारतोय.”

“बाबा, खरं भरलंय मी सगळं,” जावई म्हणाला. “ताकद सहा, कारण बरणीचं झाकण उघडलं नाही.”

“कुत्रा?” आत्याने वाकून वाचलं. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. आठवडाभर ग्रंथालयात बसून लोकांना ‘श्श्’ करायची; खेळात मात्र राक्षसाएवढी, कुऱ्हाडवाली योद्धा होती आणि तिच्या आरोळीने शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. “अरे, आम्ही ड्रॅगनच्या गुहेत चाललोय आणि हा कुत्र्याला घाबरतो?”

“कुत्रा तिथे नसेल तर प्रश्नच नाही, आत्या.”

“आहे,” सासरे पडद्यामागून म्हणाले. समोर त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता, आपले नकाशे कोणाला दिसू नयेत म्हणून.

खेळ सुरू झाला. सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्य बँकेच्या लॉकरखात्यात काढलं आणि खेळात बारा गावचं पाणी प्यायलेली चोर घेतली होती, पहिल्याच फेरीत जाहीर केलं, “मी जावईबापूंचा खिसा मारते.”

“आई!” बायको ओरडली.

“अगं, सवय आहे. काय मिळालं हो?”

सासऱ्यांनी टॅबलेटमध्ये पाहिलं. “मोजायची टेप. आणि दोन पेनं.”

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या, “एक पेन ठेवते.”

मग सासऱ्यांनी आत्याला विचारलं, “तू काय करतेस?” मुलीला विचारलं, “तू काय करतेस?” जावई सरसावून बसला. सासऱ्यांनी फाशांकडे बघितलं आणि म्हणाले, “आणि सर्व्हेयर काय करतो?”

वळसाच. खेळातही वळसा! जावयाचा चेहरा उतरला. “सर्व्हेयर... मागून येतो,” तो म्हणाला.

असं करत सगळे एका खोल दरीवरच्या दगडी पुलावर आले. पलीकडे गुहा, आणि गुहेच्या तोंडाशी साखळीने बांधलेला कुत्रा. सासऱ्यांनी त्याचं वर्णन अर्धा तास आधी तयार केल्यासारखं रंगवलं. टॅबलेट कुईं करून वाजला, कारण कमजोरी समोर आली की अ‍ॅप आपणहून धैर्य तपासायचं. जावयाने फासा टाकला. पडला तो असा की आत्याने कपाळावर हात मारला.

“सर्व्हेयर तिरपा मागे सरकला,” सासरे म्हणाले. “तिथे पूल नव्हता.”

पासपोर्टचा फोटो लाल झाला. जावई दरीच्या काठाला, खाली आलेल्या एका मुळीला धरून लोंबकळत होता.

“थांब, थांब!” आत्या उठून उभी राहिली. “माझ्याकडे ढाल आहे. शत्रूच्या हल्ल्यात कोणी पडलं तर ढाल झेलते. दादा, नियम आहे.”

“हल्ल्यात पडलं तर,” सासरे म्हणाले. “आपणहून पडलं तर नाही. सर्व्हेयर कसा पडला?”

आत्या जावयाकडे बघून डोळे मोठे करू लागली. बायकोने टेबलाखालून पाय मारला. सासूबाई तर स्पष्टच कुजबुजल्या, “सांगा, कुत्र्याने ढकललं. कोण येणारे बघायला?”

जावयाला कळत होतं की एक शब्द बोलला की वाचतो. नाही बोलला तर दोन वर्षं पोहायला जायचं, आणि घरात फ्रीजशी बोलत राहायचं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“कुत्रा बांधलेला होता,” तो म्हणाला. “जागचा हललासुद्धा नाही हो. मीच घाबरलो.”

“अरे देवा!” आत्या मटकन बसली.

सासूबाई मात्र हसायला लागल्या. आधी दबकत, मग पोट धरून. “अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “बघा, बघा! जीव चाललाय, तरी हा माणूस मध्ये म्हैस आणत नाहीये!”

पुठ्ठ्याच्या आडोशामागे नकाशा खसखसला. मग सासऱ्यांनी घसा खाकरला. “हात देऊन ओढता येईल,” ते म्हणाले, कोणाकडेच न बघता. “पण दोन्ही हातांनी. हातातलं, खांद्यावरचं सगळं दरीत टाकावं लागेल.”

“टाकली कुऱ्हाड,” आत्या ताबडतोब म्हणाली. त्या कुऱ्हाडीसाठी तिने मागच्या मोहिमेत अख्खा किल्ला जाळला होता.

“टाकली काठी,” बायको म्हणाली, “आणि मंत्रांची पोथीपण.”

सगळे सासूबाईंकडे वळले. त्यांच्या पाठीवरच्या पोत्यात वर्षानुवर्षांची कमाई होती, आणि अर्धी तर टेबलावरच्याच माणसांची.

“सगळं पोतं?”

“सगळं.”

“राजमुकुट तरी डोक्यावर घालू का?”

“आई!”

“टाकलं बाई, टाकलं!” सासूबाईंनी हात असे झटकले की खरंच काहीतरी जड दरीत गेल्यासारखं वाटलं. “पेन मात्र कानावर आहे, आधीच सांगते.”

जावई या सगळ्यांकडे बघत होता. त्याच्याच मापाच्या, बरणी न उघडणाऱ्या, गुण शिल्लक ठेवणाऱ्या त्या पात्रासाठी या बायका आपली राज्यं दरीत फेकत होत्या.

सासऱ्यांनी तिघींची ताकद टॅबलेटमध्ये घातली. “कमी पडतेय,” ते म्हणाले. “थोडक्यात.”

“दादा, थोडक्यात म्हणजे सोडून दे ना!”

“नियम म्हणजे नियम.”

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. पुठ्ठ्याचा आडोसा घडी करून बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत तो कधी हलला नव्हता. त्यांनी नाकावर चष्मा चढवला आणि अ‍ॅपमध्ये काहीतरी शोधू लागले.

“काय करताय?” सासूबाईंनी विचारलं.

“पात्र बनवतोय.”

“तुम्ही? तुम्ही तर कधीच—”

“वेळ नाहीये, तो लोंबकळतोय!” सासऱ्यांनी ‘झटपट पात्र’ या बटणावर बोट दाबलं. अ‍ॅपने गिरकी घेतली आणि मनाला येईल ते काढून दिलं. परी. पंख गुलाबी. शिंगं दोन. दाढी कमरेपर्यंत. पेशा, न्हावी.

आत्याने ग्रंथालयातली सगळी वर्षं वसूल होतील इतकं मोठ्याने हसून घेतलं.

“ताकद बघा, ताकद!” बायको किंचाळली.

पुरत होती. जेमतेम, पण पुरत होती. सासऱ्यांनी ‘माहिती बरोबर आहे’ या चौकोनावर क्षणभर बोट अडवून धरलं, आपल्या गुलाबी पंखांकडे पाहिलं, आणि खूण केली. मग ते खुर्चीतून अर्धे उठले. टेबलावरून, फाशांवरून, आत्याच्या चहाच्या कपावरून त्यांनी खराखुरा हात पुढे केला, आणि जावयाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले,

“धर रे माझा हात.”

जावई बघतच राहिला.

“अरे, धर की! बघतोस काय गाढवासारखा? पंख दुखतायत माझे!”

जावयाने हात धरला. दोन्ही हातांनी धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. “थँक्यू, बाबा,” तो म्हणाला. टेबलावर फ्रीज नव्हता, कोणी मध्ये नव्हतं. शब्द थेट जिथे जायचे तिथे गेले.

“थँक्यू काय, वर ये आधी.” सासऱ्यांनी हात सोडवून घेतला आणि घाईघाईने चष्मा पुसायला लागले. “आणि मला एक सांग, झाकण उघडत नाही म्हणजे काय? गरम पाण्यात धरायचं. ये इकडे, दाखवतो.”

“दादा, ड्रॅगन?” आत्याने विचारलं.

“ड्रॅगन कुठे पळून जातोय? ये रे.”

पुढची पंधरा मिनिटं स्वयंपाकघरातून दोघांचाच आवाज येत होता. सासूबाईंनी तेवढ्यात सासऱ्यांच्या जागेवर उघडा पडलेला नकाशा पाहून घेतला.

संध्याकाळी घरी जाताना बायकोने विचारलं, “एवढा गप्प का? बाबा सगळ्यांसमोर गाढव म्हणाले म्हणून वाईट वाटलं का?”

“छे गं,” जावई म्हणाला. “मलाच म्हणाले ना!”